थायरॉइडची गोळी सुरू आहे, मग वजन का उतरत नाही?

जुळे सोलापूर भागातील एका गृहस्थांनी आपल्या ३६ वर्षांच्या धाकट्या बहिणीविषयी सविस्तर विचारले आहे. दोन वर्षांत तिचे वजन ६३ किलोवरून ७४ किलोवर गेले, दिवसभर अंग जड वाटते, पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि केस मूठमूठ गळतात. तपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारे संप्रेरक) १८.६ आले, फ्री टी-४ (रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक) खालच्या मर्यादेच्याही खाली, अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटणारी) प्रतिपिंडे वाढलेली, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १७२, एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.९ आणि हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. दहा आठवड्यांनी टीएसएच ७.२ पर्यंत उतरले, पण वजन जेमतेम दोन किलोने कमी झाले. गोळी ती सकाळी चहाबरोबर घेते, त्याच वेळी लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही घेते, आणि केसांसाठी बायोटिनही चालू आहे. शेजारपाजारच्यांनी कोबी, फ्लॉवर आणि शेंगाचटणी बंद करायला सांगितले आहे. गृहस्थांचे प्रश्न तीन आहेत: थायरॉइड चयापचयावर नेमके काय करते, गोळी चालू असून वजन का हटत नाही, आणि ही गोळी जन्मभर घ्यावी लागेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर दुसऱ्याचे निम्मे उत्तर त्यातच मिळते, म्हणून तेथे थोडा अधिक वेळ थांबतो.

चयापचय या शब्दातच दोन क्रिया आहेत. चय म्हणजे रचणे, साठवणे, बांधणे. अपचय म्हणजे मोडणे, जाळणे, वापरून टाकणे. यकृतात चरबी तयार होते आणि जळतेही, स्नायूंत प्रथिने बांधली जातात आणि मोडलीही जातात, हाड रोज थोडे झिजते आणि थोडे नव्याने घडते. थायरॉइडचे संप्रेरक यांपैकी एकाच बाजूला जोर लावते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ते 'चरबी जाळते' असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात ते दोन्ही क्रियांचा वेग वाढवते. जुन्या कापड गिरणीत एकाच दांड्यावरून पट्ट्यांनी सगळे माग फिरत, तो दांडा संथ झाला की एकच माग नव्हे, सगळे खाते संथ होई. थायरॉइड मंदावली की तसेच होते: हृदय, आतडी, त्वचा, स्नायू, यकृत, पाळी आणि विचारांची गती, सगळेच सावकाश चालू लागते. वजन हा त्यातला एक परिणाम आहे, आणि माझ्या अनुभवात तो सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार आहे.

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. आहारातून आलेले आयोडीन रक्तातून ओढून घेऊन ती दोन संप्रेरके बनवते. टी-४ म्हणजे थायरॉक्सिन, ज्यात आयोडीनचे चार अणू असतात, आणि टी-३, ज्यात तीन. ग्रंथीतून बाहेर पडणारे बहुतेक संप्रेरक टी-४ असते, पण पेशींत काम करते ते मुख्यत्वे टी-३. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी-४ मधला एक आयोडीनचा अणू काढून त्याचे टी-३ केले जाते, आणि शरीरातले सुमारे चार पंचमांश टी-३ अशा रीतीने ग्रंथीच्या बाहेरच तयार होते. म्हणूनच उपचारात सहसा फक्त टी-४ ची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, पुरते, पुढचे काम शरीर स्वतः करते.

या सगळ्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची देखरेख असते. रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की पियूषिका टीएसएच वाढवून ग्रंथीला काम वाढवायला सांगते, आणि संप्रेरक जास्त झाले की टीएसएच खाली आणते. त्यामुळे रिपोर्ट वाचताना बहुतेकांचा गोंधळ होतो: टीएसएच वाढलेले म्हणजे थायरॉइड वाढलेली नव्हे, ती कमी पडते आहे. प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असावे. १८.६ टीएसएच आणि त्याबरोबर कमी झालेले फ्री टी-४ याचा अर्थ आपल्या भगिनीला थायरॉइडची खरी, उघड कमतरता होती. उपचार सुरू करण्याचा निर्णय योग्यच होता. अँटी-टीपीओ प्रतिपिंडे वाढलेली असल्याने कारणही बहुधा स्पष्ट आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, आणि ग्रंथी हळूहळू, काही वर्षांत, निकामी होत जाते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आता टी-३ पेशीत शिरल्यावर काय करते ते पाहू. ते थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन तेथील ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटते आणि ठरावीक जनुकांना कामाला लावते. त्यातून नवी प्रथिने तयार होतात, आणि त्यांतली काही प्रथिने म्हणजे पेशीचे पंप असतात. एक पंप सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलत राहतो. माणूस स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा साधारण पाचवा हिस्सा या एकट्या पंपावर जातो. दुसरा पंप स्नायूंमध्ये असतो, तो कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरून स्नायू सैल करतो. पंप वाढले की इंधन जास्त लागते, इंधन जाळणाऱ्या तंतुकणिकाही वाढतात, आणि या सगळ्या खटाटोपात जी उष्णता बाहेर पडते तिनेच आपले शरीर उबदार राहते. थायरॉइड कमी पडलेल्या माणसाला थंडी वाजते ती यामुळे: आतली भट्टीच मंद पेटलेली असते.

हे जगाला कळले ते रक्ततपासण्या येण्याच्या फार आधी. जर्मनीतील आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की थायरॉइड जास्त काम करणाऱ्या रुग्णांचे शरीर विश्रांतीतही अधिक प्राणवायू वापरते आणि कमी काम करणाऱ्यांचे कमी. पुढे कित्येक दशके थायरॉइडचे निदान असेच होत असे: रुग्णाला उपाशीपोटी, सकाळी, शांत निजवून तो किती प्राणवायू वापरतो हे मोजायचे. तीव्र कमतरतेत हा मूलभूत चयापचय दर सुमारे ४० टक्क्यांनी घसरू शकतो, तर तीव्र अतिरेकात तो नेहमीच्या दीडपटीहूनही वर जाऊ शकतो. मात्र हे आकडे टोकाच्या आजाराचे आहेत. आज आपल्याकडे बहुतेक रुग्ण खूप आधीच्या टप्प्यावर सापडतात आणि त्यांच्या दरात पडलेला फरक त्या मानाने लहान असतो, ही गोष्ट वजनाच्या प्रश्नाकडे वळताना लक्षात ठेवावी.

स्नायूतल्या त्या कॅल्शियमच्या पंपाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण तो डोळ्यांनी पाहता येतो. काही वर्षांपूर्वी विडी घरकुल भागातून ४२ वर्षांच्या एक ताई हाताला मुंग्या येतात म्हणून आल्या. रात्री झोपेत बोटे बधिर होत, हात झटकल्याशिवाय चैन पडत नसे. बोलता बोलता त्यांनी सांगितले की पूर्वी दिवसाला नऊशे-हजार विड्या सहज वळून होत, आता पाचशे-साडेपाचशेच्या वर जात नाही; पान कातरायला, तंबाखू भरून दोरा बांधायला बोटे मागेच राहतात. मार्च सरत आला होता, बाहेर ऊन चटके देत होते, आणि त्या मात्र रात्री चादर पांघरून झोपत होत्या. आवाज घोगरा, चेहरा किंचित फुगलेला, नाडी मिनिटाला ५४. मी त्यांना खुर्चीवर गुडघे टेकवून, पावले मागे मोकळी सोडून बसवले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन खाली गेले, पण वर यायला त्याने वेळ घेतला, जणू पाण्यातून वर येत होते. आकुंचन ठीक होते, सैल पडणे मंद होते, कारण कॅल्शियम मागे ओढणारे पंप कमी पडत होते. बोटे मागे राहण्यातही हाच मंदपणा होता आणि त्यात मनगटात दाबल्या गेलेल्या मज्जातंतूची भर पडली होती. त्यांचे टीएसएच १०० च्या वर निघाले. उपचारानंतर पाच महिन्यांनी त्यांचा विड्यांचा आकडा पुन्हा नऊशेवर गेला. वजन त्या काळात अवघे तीन किलोने उतरले होते. त्यांनी काट्याकडे पाहून गोळी सोडली असती तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. थायरॉइडच्या कमतरतेत वाढलेल्या वजनाचा मोठा भाग चरबीचा नसतो. त्वचेखाली हायल्युरोनिक आम्लासारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात, त्यांच्याबरोबर मीठ आणि पाणी अडकते, आणि मूत्रपिंडेही पाणी पुरेसे बाहेर टाकत नाहीत. म्हणून चेहरा, पापण्या, पावले सुजल्यासारखी दिसतात, पण बोटाने दाबले तर खळगा पडत नाही. अशा रीतीने थेट थायरॉइडमुळे वाढलेले वजन बहुतेक रुग्णांत २ ते ५ किलोंच्या आसपास असते, आणि उपचारांनी जे झटकन उतरते ते मुख्यतः हेच अडकलेले पाणी. आपल्या भगिनीचे दोन किलो उतरले याचा अर्थ औषध लागू पडते आहे. उरलेल्या आठ-नऊ किलोंचे खापर एकट्या थायरॉइडवर फोडता येणार नाही. मात्र दोन वर्षांचा थकवा, त्यामुळे घटलेली हालचाल, दुखणारे स्नायू आणि रक्तक्षय यांनी जे घडवले, त्यात थायरॉइडचा अप्रत्यक्ष वाटा नक्कीच आहे. हे मी तिला दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्या बाईचे हिमोग्लोबिन ९.८ आहे आणि थायरॉइड कमी आहे, तिला 'जरा चालायला जा' असे सांगणे सोपे आहे, तिच्या पायांना ते जड जाते. आधी थायरॉइड आणि रक्त दोन्ही ताळ्यावर आणावे, मग चालणे आपोआप वाढते, असा माझा अनुभव आहे.

तिच्या रिपोर्टमधले बाकीचे आकडेही एकाच गोष्टीचे धागे आहेत. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल टिपून घेणारे ग्राहक यकृताच्या पेशींवर असतात आणि त्यांची संख्या टी-३ वर अवलंबून असते. टी-३ कमी झाले की ग्राहक घटतात आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहते. म्हणून १७२ या आकड्यावर आजच कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याची घाई नसावी; टीएसएच आटोक्यात आल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून मग ठरवावे. हृदयविकार किंवा मधुमेह आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय थायरॉइडची कमतरता तशीच ठेवून स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू केली तर स्नायूंचे दुखणे वाढण्याचा धोका असतो. एचबीएवनसी ५.९ आले ते पाहून घरात मधुमेहाची धास्ती बसली असेल. लोहाच्या कमतरतेत आणि थायरॉइडच्या कमतरतेतही हा आकडा प्रत्यक्ष साखरेपेक्षा काहीसा जास्त दिसू शकतो. तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर प्रत्यक्ष तपासावी आणि एचबीएवनसी काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ज्यांना मधुमेह आहेच आणि इन्सुलिन चालू आहे, त्यांच्यात मात्र एक सावधगिरी लागते. थायरॉइड कमी असताना इन्सुलिन शरीरात जास्त काळ टिकते, त्यामुळे साखर अचानक खाली जाऊ शकते. थायरॉइड जास्त असताना यकृत साखर अधिक सोडते, आतडी ती लवकर शोषतात, इन्सुलिन लवकर नष्ट होते आणि साखर चढते.

हिमोग्लोबिनचे कोडेही असेच फिरून थायरॉइडपाशी येते. थायरॉइड कमी पडली की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह घटते. आणि थायरॉइडचे संप्रेरक बनवणाऱ्या विकराला (एन्झाइम) स्वतःला लोह लागते. एक दुखणे दुसऱ्याला पोसत राहते. म्हणून लोहाची गोळी बंद करू नये, पण तिची वेळ तातडीने बदलावी.

माझ्या मते आपल्या भगिनीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची चूक येथे आहे आणि ती सहज सुधारण्यासारखी आहे. लेव्होथायरॉक्सिन आतड्यात शोषले जाताना फार नाजूक वागते. लोह आणि कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधून टाकतात आणि गोळीचा बराच भाग शरीरात न जाता बाहेर पडतो. चहा-कॉफीनेही शोषण कमी होते, आणि आपल्याकडचा सकाळचा चहा तर दूध-साखर घालून उकळलेला असतो. गोळी सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहाही घेऊ नये. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून किमान चार तास दूर ठेवावे. दुपारच्या जेवणानंतर एक आणि रात्री दुसरी, असे वाटून घेणे बहुतेक घरांत जमते. ज्यांना सकाळी चहाशिवाय राहवत नाही किंवा पहाटेच कामावर निघावे लागते, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. महत्त्व आहे ते रोज एकच वेळ पाळण्याला. एकादशीच्या उपवासाला गोळी चुकवण्याचे कारण नाही, ती अन्नात मोजली जात नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात किंवा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर बाटली ठेवू नये. हे औषध उष्णता, ओल आणि उजेड यांनी कमकुवत होते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात बंद खोलीतला उकाडा किती असतो हे आपण जाणतोच.

बायोटिनचेही सांगितले पाहिजे. केसांच्या गोळ्यांतले बायोटिन थायरॉइडला अपाय करत नाही, पण अनेक प्रयोगशाळांच्या तपासणी पद्धतीत ते ढवळाढवळ करते: टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी-४ खोटे जास्त दिसू शकते. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे, म्हणजे ७.२ हा आकडा कितपत खरा होता हेही पुढच्या वेळी समजेल. केस गळण्याचे कारण थायरॉइड आणि लोहाची कमतरता हेच असण्याची शक्यता जास्त आहे. ती दोन्ही सुधारली की गळणे थांबते, मात्र त्याला काही महिने जावे लागतात.

मात्रेबद्दल बोलायचे तर ग्रंथी जवळजवळ पूर्ण निकामी झालेल्या प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागते. ७४ किलोंच्या हिशेबाने हा आकडा ११८ च्या आसपास येतो. ग्रंथी अजून थोडी काम करत असेल तर कमी मात्रा पुरते. वेळ सुधारल्यावर ५० मायक्रोग्रॅमच पुरेशी ठरते की मात्रा वाढवावी लागते, हे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहून तिच्या डॉक्टरांनी ठरवावे. हा कालावधी मनाने ठरवलेला नाही. रक्तातले टी-४ निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात आणि पियूषिका त्याच्याही मागून चालते. पंधरा दिवसांनी तपासणी करून गोळी वर-खाली करत राहिले तर पैसे जातात आणि गोंधळ वाढतो.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. वजन लवकर उतरावे म्हणून स्वतःहून मात्रा वाढवू नये, आणि वजन कमी करण्याच्या कोणत्याही चूर्णात किंवा गोळीत काय आहे हे माहीत नसेल तर ती घेऊ नये. संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले की अपचय चयाच्या पुढे धावू लागतो. वजन उतरते खरे, पण त्यात स्नायू जातात, हाडांतले कॅल्शियम जाते आणि हृदयाचे ठोके बेताल होतात. तिशीतल्या एका निरोगी मुलीला असे काहीतरी घेतल्यानंतर मिनिटाला १४० ठोके चालू असताना मी दाखल करून घेतले आहे. तिचे वजन आधीही वाजवीच होते.

थायरॉइडचा अतिरेक आजार म्हणून आला की हेच चित्र दिसते, आणि सोलापुरात तो ओळखायला उशीर होण्याचे एक खास कारण आहे. पारा चाळिशीच्या वर असताना घाम येणे, झोप न लागणे, गच्चीवर झोपायला जाणे याचे कोणाला नवल वाटत नाही. एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कामगाराला अख्खा उन्हाळा हे सगळे झाले आणि त्याने ते उकाड्यावर ढकलले. घरच्यांना शंका आली ती त्याच्या ताटावरून: पूर्वी दोन भाकरी खाणारा माणूस चार खाऊ लागला आणि तरी पँट कमरेवरून घसरू लागली. त्याला उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हते, कारण मांडीचे स्नायूच मोडून जाळले जात होते. खाणे वाढूनही वजन घटणे, हात थरथरणे, स्वस्थ बसले असतानाही नाडी शंभराच्या वर असणे, ही लक्षणे ऋतूची नसतात. अशा रुग्णांना कार्बिमाझोलसारखी औषधे, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसा दुखणे एकत्र आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्यात. क्वचित रुग्णात त्या धोकादायकरीत्या कमी होतात. उपचारांनी चयापचय पूर्ववत झाला की घटलेले वजन परत येते, आणि भूक मात्र काही काळ जुन्याच सवयीने जास्त राहते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण औषधालाच दोष देतो.

आता शेंगाचटणीचे. कोबी, फ्लॉवर, मुळा, शेंगदाणे यांत आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारे घटक असतात हे खरे आहे, पण ते जाणवतात ते आहारात आयोडीनच अपुरे असेल आणि हे पदार्थ कच्चे, भरमसाट प्रमाणात खाल्ले तर. आपण भाज्या शिजवतो, त्यात हे घटक बरेच कमी होतात. आणि आपल्या भगिनीचा आजार प्रतिकारशक्तीचा आहे, कोबीने झालेला नाही. कडक भाकरीबरोबर चमचाभर शेंगाचटणी तिने खुशाल खावी. मीठ कोणते खाते याकडे मात्र अवश्य पाहावे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला सुमारे २५०, आणि ते आपल्याला मुख्यत्वे आयोडीनयुक्त मिठातूनच मिळते. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून केलेल्या कामातून मिठात आयोडीन मिसळल्याने गलगंड कमी होतो हे सिद्ध झाले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. अलीकडे आरोग्याच्या नावाखाली अनेक घरांत फक्त सैंधव किंवा सुटे खडे मीठ वापरले जाते, त्यात सहसा पुरेसे आयोडीन नसते. घरात कोणी गर्भवती असेल तर हा बदल मुळीच करू नये. मीठ झाकणबंद डब्यात, शेगडीपासून दूर ठेवावे. याउलट, थायरॉइड आहे म्हणून आयोडीनच्या जादा गोळ्या घेणेही चुकीचे आहे. हाशिमोतोच्या आजारात त्यांनी कमतरता वाढू शकते.

आपण लिहिलेले नाही, पण भगिनीचे वय पाहता विचारतो: तिला मूल हवे आहे का? असेल तर टीएसएच आधी २.५ च्या खाली आणावे आणि मगच दिवस जाऊ द्यावेत. पहिल्या तीन-चार महिन्यांत गर्भाचा मेंदू घडत असताना बाळाला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. दिवस गेल्याचे कळताच गोळीची मात्रा साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. 'गरोदरपणात औषधे नकोत' म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही गोळी बंद करायला लावल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्या घरी जाऊन समजावावेसे वाटले आहे. ही गोळी बाहेरून आणलेले परके औषध नाही, शरीर जे बनवत होते तेच रसायन आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तेथूनच निघते. हाशिमोतोच्या आजारात टीएसएच १८ च्या पुढे गेले आणि फ्री टी-४ घसरले, म्हणजे ग्रंथीचा बराच भाग गेलेला असतो आणि तो सहसा परत येत नाही. गोळी बहुधा कायम लागेल. प्रसूतीनंतर काही महिन्यांत उद्भवलेली कमतरता पुष्कळदा आपोआप भरून येते, काही औषधांनी झालेलीही. पण आपल्या भगिनीबाबत तशी आशा दाखवणे मला प्रामाणिक वाटत नाही. गोळी बंद केली तर पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, कारण साठा असतो. महिन्या-दीड महिन्याने जडपणा परत येतो, आणि तोवर गोळी बंद केल्याचे कोणाच्या ध्यानीही नसते.

इंग्लंडमध्ये १८९१ साली जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडच्या अर्काची टोचणी देऊन या आजारावर पहिला यशस्वी उपचार केला. शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक हाती यायला त्यानंतरही तेवीस वर्षे लागली. अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ते १९१४ च्या डिसेंबरमध्ये मिळवले. मरे यांची ती रुग्ण पुढे तोंडाने तोच अर्क घेत राहिली, आणि आणखी २८ वर्षे जगली. तिच्याकडे ना टीएसएचची तपासणी होती, ना नेमकी मात्रा. आपल्या भगिनीकडे दोन्ही आहेत. उद्या सकाळपासून गोळी चहाच्या एक तास आधी घेऊ द्या, लोह-कॅल्शियम दुपारी आणि रात्री हलवा, आणि आठ आठवड्यांनी, बायोटिन दोन दिवस बंद ठेवून, टीएसएच, फ्री टी-४, हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर तपासून रिपोर्ट तिच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर वजन आठवड्यातून एकदाच करावे. रोज सकाळी नाडी मात्र मोजून वहीत लिहून ठेवावी.